पुराच्या पाण्यात भिजलेला लॅपटॉप: बटण दाबण्याआधी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकरांना घरातले सामान किती घाईने उचलावे लागते, याचा कटू अनुभव आला. त्या घाईत भिजलेला लॅपटॉप हाती लागला की तो चालतो का, हे पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारी वीज मदरबोर्डाला (लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) कितीतरी वेगाने खराब करते.

यंत्र चालू असेल आणि त्यावर पाणी किंवा चहा सांडला असेल, तर प्रथम भिंतीवरच्या स्विचबोर्डाचे बटण बंद करून चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे. मात्र खोलीतच पाणी साचलेले असेल, तर मुख्य वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत प्लगला हात लावू नये. त्यानंतर मागचे झाकण उघडता येत असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगली असेल, तापली असेल किंवा तिला विचित्र वास येत असेल, तर ती सोडवण्याचा प्रयत्न न करता यंत्र पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे. अशी बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये.

पुराच्या बाबतीत नुसते वाळवून भागत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्या पाण्यात गाळ, क्षार आणि गटाराची घाण असते. पाणी उडून गेले तरी हे सारे मदरबोर्डावर राहते आणि पावसाळी दमट हवेतली ओल धरून तांब्याचे बारीक मार्ग हळूहळू कुरतडते. म्हणून बोर्ड सुटा करून डिस्टिल्ड वॉटरने आणि नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशच्या साहाय्याने धुवावा लागतो. सरावाचा हात नसेल, तर हे काम अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी घाण काढणारे यंत्र) असलेल्या कारागिराकडे सोपवणेच योग्य. स्क्रीन मात्र कधीही बुडवू नये. तांदळात ठेवल्याने आतला गाळ निघत नाही, उलट पीठ पोर्टमध्ये जाते; हेअर ड्रायरच्या झोताने पाणी आणखी आत सरकते. पंख्याचा साधा वारा पुरे, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याला कित्येक दिवस द्यावे लागतात.

यंत्रापेक्षा त्यातली माहिती मोलाची असेल, तर एसएसडी (माहिती चिपवर साठवणारा, फिरते भाग नसलेला ड्राइव्ह) काढून, स्वच्छ करून आणि पूर्ण वाळवून दुसऱ्या संगणकाला जोडून पाहता येते. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क बुडाली असेल, तर ती उघडू नये, वाळवू नये आणि वीजही देऊ नये. आत गाळ सुकून चिकटू नये म्हणून ती ओलसर अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे लवकर पोहोचवावी.

वॉरंटीत पाण्याचे नुकसान सहसा धरले जात नाही. विमा असल्यास यंत्र उघडण्याआधी सिरियल क्रमांकासह छायाचित्रे काढावीत, कंपनीला कळवावे आणि पंचनामा होत असेल तर त्यात लॅपटॉपची नोंद करून घ्यावी. दुरुस्तीनंतरही गंजाचा त्रास काही आठवड्यांनी उद्भवू शकतो. म्हणून यंत्र सुरू होताच सर्वप्रथम बॅकअप घ्यावा.