आरएक्स १०० चं जेटिंग: मुंबईचं सेटिंग नाशकात का चाललं नाही

एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) आणि ओपन एअर फिल्टर लावलेली ही रेसची यामाहा आरएक्स १०० मुंबईत ट्यून करून आणलेली. नाशकात मात्र फुल थ्रॉटलला भडभड, इंजिनाचे फेरे वर जाईचनात. मित्र म्हणाला, "भावा, पोर्टिंग गंडलंय." पोर्टिंग म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या वाटांची घडण. मला पटेना. प्लग काढला तर काळाकुट्ट, वर तेलकट. म्हणजे पेट्रोल जास्त.

कारण सरळ आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा पाचसहा टक्के विरळ. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. तोच जेट इथे रिच होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो.

पाऊण थ्रॉटलच्या पुढे मेन जेटचंच राज्य असतं, म्हणून मधल्या थ्रॉटलची नीडल आणि आयडलिंगचा पायलट जेट यांना हात लावला नाही. मेन जेट एकेक नंबर उतरवत, म्हणजे भोक लहान करत गेलो. दरवेळी नवा प्लग, गाडी बंद ट्रॅकवर फुल थ्रॉटलला ताणायची, क्लच दाबून लगेच किल स्विच मारायचा. रमत गमत पिटपर्यंत आलात तर प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो, तो काय कामाचा! प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या अगदी बुडाशी फिकट तपकिरी कडा दिसली, तिथे थांबलो.

हे सगळं थंडीतल्या पहाटे केलं, मुद्दाम. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस म्हणजे हवेच्या घनतेत पुन्हा सहा टक्क्यांचा फरक, थंड हवा जास्त दाट. दुपारी बेताचा बसवलेला जेट पहाटे लीन होतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरलाच. दुपारी गाडी किंचित जड वाटते, वाटू दे.