वायरलेस कॅमेरे घेताय? दुकान, गोदाम किंवा सोसायटीसाठी यंत्रणा कशी निवडावी

वायरलेस कॅमेऱ्याचं चित्र हवेतून जातं, वीज मात्र बहुतेकदा वायरीतूनच येते. बॅटरीवरचे कॅमेरे मिळतात, पण ते हालचाल झाली की मग जागे होतात. झपझप आत शिरलेला माणूस पाठमोरा होईपर्यंत अनेकदा रेकॉर्डिंग सुरूच झालेलं नसतं. मागच्या कुंपणासारख्या आडबाजूला ते चालतील. मुख्य गेट, गल्ला आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी सतत रेकॉर्ड करणारा, विजेवर चालणाराच कॅमेरा हवा.

आधी नकाशा, मग कॅमेरा

आवाराचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक जागेपुढे तिथे नेमकं काय ओळखायचं ते लिहा. आयईसी ६२६७६-४ या कॅमेरा यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी सरळ आकडे दिले होते. कोणीतरी आहे एवढंच कळायला दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. १०८०पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे अनोळखी चेहऱ्यासाठी तो साडेसात मीटरपर्यंतच्या रुंदीला पुरतो. पार्किंगच्या २० मीटर पट्ट्यावर तोच लावला तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात. गाडीचा रंग कळेल, माणूस कुठून कुठे गेला ते दिसेल, चेहरा मात्र नाही. एकाच कॅमेऱ्यात सगळं आवार बसवायचा मोह इथेच महागात पडतो.

जवळच्या रुंद दृश्याला २.८ मिलिमीटरची लेन्स, लांबच्या अरुंद दृश्याला ६ किंवा त्याहून मोठी. चेहरा हवा असेल तर कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर लावा, त्याहून वर नेला की टोप्या आणि टकलंच दिसतात. गेटमागे लख्ख ऊन असेल तर १२० डेसिबल डब्ल्यूडीआर (लख्ख उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय) असलेला घ्या, नाहीतर आत येणारा माणूस काळ्या सावलीसारखा दिसेल. नंबर प्लेटसाठी वेगळा कॅमेरा लागतो.

सिग्नल जागेवर जाऊन मोजा

फोनमध्ये वायफाय मोजणारं ॲप घेऊन कॅमेरा लागणार तिथेच उभे राहा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला आकडा हवा. उणे ७५ च्या आसपास चित्र अडखळणारच. मोजणी गर्दीच्या वेळी करा, आणि दुकान असेल तर शटर खाली ओढून पुन्हा एकदा करा. दिवसभर नीट चालणारा बाहेरचा कॅमेरा दुकान बंद झाल्यावर गायब होतो, याचं नेहमीचं कारण मधे आलेला लोखंडी पत्रा असतो.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटरही तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. कॅमेऱ्यांसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) द्या आणि तो केबलने जोडा. सिग्नल पुढे ढकलणारा साधा एकपट्टी रिपीटर टाळा. तो तेच चॅनेल घेण्यासाठी आणि देण्यासाठी वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

दोन इमारतींमध्ये किंवा लांबच्या गेटपर्यंत जायचं असेल तर समोरासमोर लावायचा ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज, म्हणजे दोन टोकांचं नेटवर्क हवेतून जोडणारी यंत्रांची जोडी, घ्या. मोठ्या आवारात हाच प्रकार सगळ्यात भरवशाचा. प्रत्येक इमारतीत कॅमेरे केबलवर, आणि रस्ता ओलांडायला ब्रिज. ५०० मीटर अंतरावर मध्यभागी सरळ रेषेभोवती दीड मीटर तरी मोकळी जागा सोडावी लागते. उन्हाळ्यात समोरचं टोक दिसलं म्हणून बसवलेला ब्रिज पावसाळ्यात झाडाला पालवी फुटली आणि पानं भिजली की रडायला लागतो.

वीज

बरेच कॅमेरे १२ व्होल्टवर चालतात. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ३० मीटरवर १ अँपिअर नेला तर जाऊन-येऊन जवळपास २ व्होल्ट वाटेतच जातात. दिवसा हे जाणवत नाही. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की प्रवाह वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. मग लोक राउटरला दोष देतात. अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच बसवा किंवा जाड वायर ओढा. यूपीएस घेताना राउटर, ॲक्सेस पॉइंट आणि ब्रिजची दोन्ही टोकंही त्यावर घ्या, कारण यातलं एक जरी बंद पडलं तरी एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, कोरा राहतो.

साठवण

१ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) वेगाचं सलग रेकॉर्डिंग दिवसाला १०.८ जीबी खातं. २ एमबीपीएसचे ८ कॅमेरे १५ दिवस ठेवायचे तर सुमारे २,६०० जीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क. ती कॅमेरा रेकॉर्डिंगसाठी बनवलेलीच घ्या. एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत असलेले कॅमेरे घेतलेत तर तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा लागते. क्लाउडवर सगळं पाठवायचं तर याच ८ कॅमेऱ्यांना १६ एमबीपीएस अपलोड अखंड लागेल. इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुतेकदा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा विचारा.

खरेदीआधी विचारायच्या गोष्टी

कॅमेरा आणि एनव्हीआर दोन्ही ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळण्याचं मानक) पाळतात का? नसतील तर पुढे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा जोडता येईलच असं नाही. फर्मवेअरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट किती वर्षं मिळतील? बाहेर लावायचा असेल तर आयपी६६ किंवा आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) आहे का?

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना बाहेरून येण्याचा रस्ता आपोआप उघडू देणारी सोय) बंद ठेवा आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क कार्यालयाच्या संगणकांपासून वेगळं करा. सोसायटीत फुटेज कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे कॅमेरे लागण्याआधी लेखी ठरवा. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोणाची खिडकी येत असेल तर तेवढा भाग सेटिंगमध्ये झाकता येतो.

आधी दोनच घ्या

सगळ्यात अवघड दोन जागांवर एकेक कॅमेरा लावून आठवडाभर चालवा. रात्री कोणालातरी नेहमीच्या चालीने गेटमधून यायला सांगा. थेट चित्र पाहून समाधान मानू नका, रेकॉर्डिंग थांबवून चेहरा ओळखता येतो का ते बघा. पडद्यावरची वेळ बरोबर आहे ना, हेही तपासा. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळणारी हवी. रात्रभर उगाच सूचना येत असतील तर भिंग पुसा, इन्फ्रारेड प्रकाशात कोळ्याचा एक धागाही हालचाल म्हणून नोंदला जातो. ही चाचणी पार पडली की बाकीचे कॅमेरे मागवा.