कोल्हापुरात गाडीतील एडास (चालकाला मदत करणाऱ्या) सुविधा कशा वापराव्यात

जर्मनीने २०२१ मध्ये ठरावीक क्षेत्रांत चालकाविना वाहने चालवण्यासाठी कायदा केला. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा मात्र चालक गृहीत धरूनच लिहिलेला आहे, म्हणून एडास सुरू असतानाही हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावरच असावी.

प्रथम गाडीची माहितीपुस्तिका वाचावी. सराव पुणे-बंगळूर महामार्गावर, दिवसा आणि पांढरे पट्टे स्पष्ट असलेल्या भागात करावा. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलने (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारी सुविधा) राखलेल्या अंतरात दुचाकी शिरते, गाडी अचानक वेग कमी करते आणि मागचा चालक चिडून हॉर्न वाजवतो. तरीही अंतर कमी करू नये, फक्त आरशात पाहत राहावे.

माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका गळीत हंगामातील रात्रीचा आहे. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेली ट्रॉली कॅमेरा व रडार वेळेत ओळखतीलच असे नाही, त्यामुळे अशा वेळी वेग स्वतः कमी करावा आणि ब्रेक यंत्रावर सोडू नये.

महाद्वार रोडच्या गर्दीत आणि गगनबावड्याच्या घाटात लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारी सुविधा) बंदच ठेवावा.