रात्रभराचं नाटक शूट करायला हँडीकॅम घेताय? या चुका टाळा

दिवाळी सरली, जत्रा सुरू झाल्या की मला फोन यायला लागतात. "दादा, कुठला हँडीकॅम घेऊ?" मी उलट विचारतो, शूट काय करणारेस, कुठे उभा राहून, सलग किती वेळ? उत्तर ठरलेलं, "तसं सगळंच." आणि मॉडेलचं नाव लगेच पाहिजे असतं, कारण ऑफर रविवारपर्यंतच आहे.

मी सिंधुदुर्गात चौदा वर्षं दशावतार शूट करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवळाची पालखी वगैरे झाली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं, आधी गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा, आणि उजाडताना धयकालो, म्हणजे दहीकाला. पाच-सहा तास सलग, उजेड गावाने लावला असेल तेवढाच, रिटेक नाही. या कामाला लागणारा कॅमेरा आणि बारशाला, सहलीला लागणारा कॅमेरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गॅदरिंग, एकांकिका, कीर्तन, भजनाची बारी, यांनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाजाचा विचारच न करणं. लोक चित्र बघून कॅमेरा घेतात. दुकानात स्क्रीनवर चित्र दिसतं, आवाज कोण ऐकतो?

माझ्या मामेभावाने असाच एक हँडीकॅम घेतला. छोटा, हलका, डब्यावर झूमचा आकडा मोठा. माइक लावायला भोकच नाही, हेडफोनलाही नाही. तेव्हा आमच्या बाजूला एक म्हातारे स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारे कलाकार होते, सत्तरीच्या आसपासचे, गळा मात्र शाबूत. त्या वर्षी ते आपल्याच गावच्या जत्रेत उभे राहणार होते. मी दुसऱ्या गावी होतो, भावाला म्हटलं तू शूट कर. त्याने केलंही मन लावून, थंडीत रात्रभर जागेवरून हलला नाही. पण उभा राहिला कुठे, तर मागे, खाज्याच्या दुकानाच्या बाजूला, झूम आहे ना म्हणून. आणि देवळामागे जनरेटर.

सकाळी फाइल लावली तर चित्र चांगलं, आणि आवाजात जनरेटरची घरघर, खाजेवाला गिऱ्हाइकाशी बोलतोय, एक पोर रडतंय, आणि लांब कुठेतरी पायपेटी. हँडीकॅमचा अंगचा माइक कॅमेऱ्याजवळचंच आधी ऐकतो. तुम्ही झूमने माणूस जवळ आणता, त्याचा आवाज जवळ येत नाही. त्यात ऑटो लेव्हल, म्हणजे स्टेजवर जरा शांतता झाली की कॅमेरा आपणहून आवाज वाढवतो आणि जनरेटर आणखी वर येतो. मी चार रात्री बसून साफ करायचा प्रयत्न केला. घरघर काढली की गळाही जातो, दोन्ही एकाच पट्टीत मिसळलेले. ते कलाकार स्वतः घरी आले होते, म्हणाले, "माका माजा पद जरा ऐकव रे." ऐकवण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या जत्रेआधी ते गेले. त्यांच्या पदांचं दुसरं रेकॉर्डिंग माझ्या माहितीत कुणाकडे नाही.

म्हणून कॅमेऱ्याबद्दल मी आता कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो, माइकचा जॅक आहे का आणि हेडफोनचा जॅक आहे का. दोन्ही पाहिजेत. सोनीच्या सीएक्स-४०५ ला ३०एक्स ऑप्टिकल झूम आहे पण माइक जॅक नाही, एएक्स-५३ ला झूम २०एक्सच आहे पण दोन्ही जॅक आहेत. नाटक शूट करायचं तर मी डोळे मिटून दुसरा घेईन. बजेट आणखी असेल तर कॅनन एक्सए-४० सारखे कॅमेरे, त्यांना वरच्या हँडलवर दोन एक्सएलआर, म्हणजे स्टेजच्या माइकच्या जाड वायरी लागतात ती सॉकेटं असतात, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता येतो.

इथे अजून एक खड्डा आहे. उत्साही पोरं मिक्सरवाल्याकडून पी-३८ ची, म्हणजे जाड पिनची वायर घेतात, कन्व्हर्टर लावून कॅमेऱ्याच्या ३.५ मिमीच्या माइक जॅकमध्ये खुपसतात आणि आवाज येतोय म्हणून खूश. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा, व्होल्टच्या घरातला. आवाज फाटणारच, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता सांधत नाही. मधे अटेन्युएटरची, म्हणजे सिग्नल कमी करणारी वायर लावा, किंवा ज्यात माइक आणि लाइन असं बटण आहे तो कॅमेरा घ्या, आणि हेडफोन कानावर ठेवा. गळ्यात अडकवलेल्या हेडफोनचा उपयोग नाही. मी तर मिक्सरचा आवाज एका वेगळ्या रेकॉर्डरवरही घेतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो, म्हणजे नंतर जुळवता येतं. रात्रभरात दोन मशीनं थोडी मागेपुढे सरकतात, त्यामुळे मधेही एक-दोनदा टाळी.

दुसरी आवडती चूक, झूमचा आकडा. डब्यावर ३५०एक्स लिहिलेलं असतं ते डिजिटल झूम, म्हणजे चित्र नुसतं ताणणं. तो मेनूत जाऊन पहिल्या दिवशी बंद करा. ऑप्टिकल आकडा खरा, पण त्यातही एक गोष्ट कुणी सांगत नाही, झूम पुढे नेला की लेन्स उजेड कमी घेते. एएक्स-५३ ची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ२ आणि पूर्ण झूमला एफ३.८ (हा आकडा वाढला की उजेड कमी), म्हणजे जवळजवळ पाव उजेड. दुकानातल्या पांढऱ्या लख्ख लाइटमध्ये हे कळत नाही, देवळासमोर दोन हॅलोजनमध्ये कळतं, राजापार्टीच्या, म्हणजे राजा झालेल्या नटाच्या चेहऱ्यावर दाणे नाचायला लागतात. त्यापेक्षा मोठा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, बघा. एक इंची सेन्सरवाले, सोनी एएक्स-१०० वगैरे, यांना झूम १२एक्सच असतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्या सेन्सरचं क्षेत्रफळ एएक्स-५३ सारख्या १/२.५ इंची वाल्याच्या चौपटीहून जास्त आहे. १२एक्स कमी पडतो म्हणणाऱ्याला माझं सांगणं आहे की चार पावलं पुढे जाऊन बस. रात्री नऊलाच जाऊन जागा धरायची, मंडळाच्या माणसांशी दोन शब्द बोलायचे, चहा घ्यायचा. ज्यांना बाराला पोचून शेवटच्या रांगेतून क्लोजअप पाहिजे असतो त्यांच्यासाठी कुठलाच कॅमेरा बनलेला नाही.

याच्याच जोडीला एक्स्पोजर. मागे काळोख, पुढे रंगवलेला चेहरा आणि जरीचा पोशाख. ऑटोवरचा कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढरा भकास होतो, मेहनतीने काढलेली रंगभूषा गायब. त्यामुळे घेताना बघा की एक्स्पोजर हाताने कमी करायला रिंग किंवा डायल आहे का. टचस्क्रीनच्या तीन मेनूंत दडलेलं असेल तर अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनी ते सापडणार नाही.

आता "मिररलेसच घेतो ना, फोटो पण निघतील" वाले. फोटोसाठी जरूर घ्या. पण बऱ्याच जुन्या डीएसएलआर आणि मिररलेस २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपात अर्ध्या तासापुढे रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जास्त ड्युटी लागायची, त्यातून आलेली ही मर्यादा. नव्यांत बऱ्याच ठिकाणी ती गेली, पण 4के वर तापून बंद पडणारे अजून आहेत. माझ्या बाजूलाच एकाचा कॅमेरा ऐन युद्धाच्या प्रसंगात बंद झाला, बिचारा तो पुठ्ठ्याने वारा घालत बसला होता. हँडीकॅम दिसायला जुनाट वाटेल, पण तो सलग चालायलाच बनवलेला असतो.

4के पाहिजेच का, हेही एकदा हिशोब करून ठरवा. 4के चं रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसने (सेकंदाला इतके मेगाबिट) म्हणजे तासाला ४५ जीबी, सहा तासांचे २७०. फुल एचडी २८ एमबीपीएसला तासाला साधारण साडेबारा जीबी, १२८ चं एक कार्ड रात्रभर पुरतं. मी अजून बरंचसं फुल एचडीतच करतो आणि वाचलेल्या पैशात दोन हार्ड डिस्क घेतो, कारण एकाच डिस्कवर ठेवलेलं नाटक मी ठेवलेलं धरत नाही. कार्ड व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेलं, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. स्वस्तात मिळालेलं २५६ जीबीचं नकली कार्ड पहाटे तीनला दगा देतं.

अमेरिकेतून भाऊ आणणार असेल तर थांबवा त्याला. तिकडचे बरेच हँडीकॅम ६० फ्रेमचेच असतात, आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. शटर १/१०० वर नेऊन ते घालवता येतं, पण मग उजेड आणखी गेला.

ट्रायपॉड फोटोचा नको, फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा झटका न बसता फिरवता येतो असा घ्या. बॅटरी कंपनीची मोठी एक आणि जोडीला दुसरी, शिवाय जनरेटरवर विसंबू नका. व्ह्यूफाइंडर असेल तर उत्तम, मागे बसलेल्यांच्या डोळ्यांवर स्क्रीनचा उजेड मारत राहणं बरं नव्हे.

नवी मॉडेलं आता कमीच येतात, त्यामुळे बरेचजण सेकंडहँडकडे वळतात, माझी हरकत नाही. बघायला जाताना स्वतःचं कार्ड, हेडफोन आणि टॉर्च न्या. अर्धा तास सलग रेकॉर्ड करा, मालक घाई करत असेल तर करू दे. जॅकमध्ये पिन हलवून खरखर येते का ऐका. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार होतं. माझा कॅमेरा जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असतो, दर पंधरा दिवसांनी काढून अर्धा तास चालवतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ लेन्सच्या रिंगेत जातं.