चढणीवर मागे न सरकणारी गाडी: गोव्यात लायसन काढताना आणि पहिली गाडी घेताना

गोव्यात सरळ, सपाट आणि रुंद रस्ता सलग दोन किलोमीटर मिळाला तर नशीब. बाकी सगळे चढ-उतार, आंधळी वळणे आणि दोन्ही अंगांना चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाची कुंपणे. म्हणून इथे गाडी शिकताना वेगाच्या मागे लागू नका, आधी डावा पाय तयार करा. डाव्या पायाखालचा क्लच, म्हणजे इंजिन चाकांना जोडणारे-सोडवणारे पॅडल, ताब्यात आला की टेस्ट पास होते. पुढे सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा तिचा क्लच किती उरलाय, तेही हाच पाय सांगतो.

कागदांचे काम आधी उरकून घेऊ. लर्नर (शिकाऊ) लायसनचा अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर करायचा आणि आपल्या भागाचे वाहतूक कार्यालय निवडायचे. कारसाठी वय १८ पूर्ण हवे. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, बाकीच्यांना फॉर्म १ मधले स्वतःचे निवेदन पुरते. लर्नरच्या परीक्षेत ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. लोक अडतात ते चिन्हांवर, आणि तिथे आकार लक्षात ठेवले की काम सोपे होते: गोल म्हणजे पाळायचा हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे धोका, निळा चौकोन म्हणजे माहिती.

लर्नर ६ महिने चालते आणि पक्क्या लायसनची टेस्ट ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. ही टेस्ट सहाव्या महिन्यापर्यंत लांबवू नका. नापास झालात तर पुढची टेस्ट ७ दिवसांनंतर, आणि तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावे लागते. तेवढ्यात लर्नरची मुदत संपली तर सगळे पहिल्यापासून. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टेस्ट दिलेली बरी.

शिकताना गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. वहीच्या पानावर पेनाने काढलेला एल चालत नाही. शेजारी लायसन असलेला माणूस बसलेला हवा, आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी हवा. मागच्या सीटवर काका बसले आहेत, हे उत्तर पोलिसापुढे टिकत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक आणि बहुधा क्लच असतो. शिकणाऱ्याला वाटते आपण छान चढवली, प्रत्यक्षात शिक्षकाच्या पायाने चढवलेली असते. चौथ्या-पाचव्या दिवशी शिक्षकाला सांगाच, ‘सर, आज तुम्ही दोन्ही पाय मागे घ्या.’ सराव सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट, मोकळ्या जागेत सुरू करा, पण तिथेच अडकू नका. पणजीत आल्तिनोची टेकडी आहे, मडगावात मोंतची आहे, आणि प्रत्येक वाड्यावर देवळाकडे जाणारी एखादी चढण असतेच. रविवारी दुपारी ती रिकामी मिळते.

चढणीवर गाडी उचलणे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत टेस्टला काय बघायचे त्याची यादीच आहे. खड्या चढणीवर गाडी थांबवून, मागे न सरकता परत उचलणे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो, म्हणून हे सावकाश समजून घ्या.

गाडी चढणीवर थांबली. फूटब्रेक दाबलेला, क्लच पूर्ण आत, पहिला गिअर. आता हँडब्रेक घट्ट ओढा आणि फूटब्रेकवरून पाय काढा. गाडी हलली तर हँडब्रेक पुरेसा ओढलेला नाही, किंवा तो ढिला झालाय. चांगला हँडब्रेक साधारण पाच ते सात ‘कट-कट’मध्ये धरतो. दहा वेळा वाजला तर फिटरकडून घट्ट करून घ्या.

मग ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरा, इंजिनाचा एकसारखा गुणगुणता आवाज येईल इतकाच. क्लच हळूहळू वर सोडत जा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेटचे नाक किंचित वर उचलल्यासारखे दिसते आणि सीटमधून बारीक थरथर जाणवते. हाच हाफ क्लच. पाय तिथेच थिजवा. हँडब्रेकचा दांडा जरा वर ओढून बटण दाबा आणि खाली सोडा. गाडी जागीच थांबली पाहिजे, पुढेही नाही आणि मागेही नाही. आता थोडी रेस (ॲक्सिलरेटर) आणि थोडा क्लच, दोन्ही एकदम.

चुका दोनच होतात. आवाज जड होण्याआधीच हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाते. मागे गेल्याच्या धास्तीने क्लच एकदम सोडला की बंद पडते. बंद पडली तर हरकत नाही. आधी फूटब्रेक, मग हँडब्रेक, न्यूट्रल, आणि परत स्टार्ट, हा क्रम अंगवळणी पाडा. हाफ क्लचवर गाडी मिनिटभर टांगून ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्याने क्लचप्लेट जळते. थांबायचे असेल तर हँडब्रेकवर थांबा.

हे खरोखर जमले की नाही ते फेरीबोटीवर कळते. ओहोटीला बोट खाली असते, धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि पाण्याजवळचे काँक्रीट शेवाळाने निसरडे झालेले असते. रायबंदर-चोडण फेरीवरून उतरताना पुढची गाडी मध्येच अडली, तर ओल्या चढणीवर, मागे रांग आणि तिच्या मागे नदी, अशा जागी गाडी उचलावी लागते. तिथे रेस जास्त दिली तर चाक जागच्या जागी फिरते. पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, क्लच अगदी हळू सोडून बाहेर या. बोटीवर असताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर पहिला.

उतारासाठी नियम एकच: ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. अनमोड किंवा चोर्ला घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन तर कधीच बंद करू नका. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत (बूस्टर) जाते आणि स्टिअरिंग जड होते.

रिव्हर्स

डावीकडच्या किंवा उजवीकडच्या अरुंद जागेत मागे घेणे हेही टेस्टच्या यादीत आहे. गाडीचे मागचे टोक जिकडे न्यायचे तिकडे स्टिअरिंग फिरवायचे, एवढे सगळ्यांना कळते. विसर पडतो तो पुढच्या टोकाचा. मागचे डावीकडे वळते तेव्हा पुढचा उजवा कोपरा बाहेर झुकतो आणि नेमका चिऱ्याच्या कुंपणाला लागतो. गोव्यातल्या कितीतरी गाड्यांच्या पुढच्या बंपरवर लालसर ओरखडे दिसतात, ते यामुळेच. दर दीड-दोन सेकंदांनी नजर फिरवा: डावा आरसा, उजवा आरसा, पुढचा कोपरा. वेग क्लचने सांभाळा, रेस लागतच नाही.

टेस्टच्या दिवशी ज्या गाडीवर शिकलात तीच न्या. तिची आरसी (नोंदणीपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) चालू आहेत का ते आदल्या रात्री बघा. बसल्यावर सीट, आरसे, बेल्ट या क्रमाने हात फिरवा आणि निघण्यापूर्वी मान वळवून बघा. इन्स्पेक्टर हे बघत असतो. पास झालात आणि वय तिशीच्या आत असेल तर लायसन चाळिशीपर्यंत चालते.

पहिली गाडी

पहिली गाडी सेकंडहँड आणि लहान घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. पहिल्या वर्षात ती दोन-तीनदा घासणारच, आणि वाड्यावरच्या रस्त्याला लांब गाडी वळवताना नवशिक्याचा जीव जातो.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. थंड इंजिन खोटे बोलत नाही. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ, लोण्यासारखा थर असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे, फिटरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतेय, काळा म्हणजे इंधन जास्त जातेय. पांढरी वाफ थंड सकाळी दिसून जाते, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर सोडून द्या.

आता क्लच. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. बंद न पडता फिरत राहिले तर क्लचप्लेट संपलीय. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर धडधाकट क्लचही खराब होईल. मग चढणीवर चौथ्या गिअरमध्ये रेस द्या. आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर तोच आजार. खर्चाचा अंदाज घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा.

गोव्यातल्या गाडीचा मोठा शत्रू गंज. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला खारी हवा आतून खाते. दरवाजांच्या खालच्या कडा, स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा आणि बॉनेटखाली शॉकॲब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो तो भाग, हे बोटाने चाचपून बघा. गाडी रॅम्पवर चढवून घ्या. खालून ताजा काळा थर मारलेला दिसला तर खूश होऊ नका, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भदभदीत आला तर आत पत्रा उरलेला नाही. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, चिखलाची रेघ तिथे राहते.

आणखी एक, खास इथले. भाड्याने चालवायला दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. अशी गाडी पुढे खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकली जाऊ शकते. त्यात गैर काही नाही, पण दर आठवड्याला वेगळ्या पाहुण्याच्या पायाखाली गेलेला तो क्लच असतो. आरसीवरचा वर्ग आणि मालकांची संख्या वाचा. मीटर ३० हजार दाखवतेय आणि क्लच पॅडलचे रबर गुळगुळीत झालेय, तर रबरावर विश्वास ठेवा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर पावसाळ्याच्या आधी बदला.

व्यवहार ठरला की मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कर्जाचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत वाहतूक कार्यालयाला कळवायचे असते, आणि विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायचा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. बेळगावची केए-२२ किंवा सिंधुदुर्गची एमएच-०७ गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळे किमतीत धरून मग तुलना करा. जुने चलन बाकी आहे का ते परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा.

पहिला पावसाळा

गाडी घेतल्यावर स्पीकर आणि सीटकव्हरचा मोह होतो. आधी वायपरचे रबर, ब्रेक ऑइल आणि टायर. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते, दोन वर्षांनी बदलावेच.

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि लाल माती मिळून चिकट थर होतो, तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून झोत काचेवर सोडा, फडक्याने पुसत बसू नका. पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसले तर मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढले गेले असेल तर त्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि फिटरला बोलवा.

माडाखाली गाडी लावू नका, फणसाखालीही नाही. दोन-तीन दिवस गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा, कारण दमटपणात ब्रेकचे लायनिंग ड्रमला चिकटून बसते. निघताना तो तुकडा आठवणीने काढा. डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येईल. गेटबाहेर पडून वेग घेण्याआधीच ब्रेक दाबून ती घालवा. तरीही खरखर राहिली तर पॅड बघून घ्या.