अस्तंगत बुधाची प्रत कशी मोजावी

पंचांगात बुधाचा पूर्वेस अस्त दिसला, म्हणजे तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला, की बहुतेक निरीक्षक त्याचा नाद सोडतात. पण हा अस्त आणि पुढचा पश्चिमेचा उदय यांच्यामध्ये येणाऱ्या बहिर्युतीच्या (बुध सूर्याच्या पलीकडे, त्याच्याच दिशेला असतो तेव्हाच्या) सुमारासच बुध सर्वांत तेजस्वी असतो, साधारण -2 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). तेव्हा तो पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो खरा, पण बिंब पूर्ण उजळलेलं असतं आणि खडबडीत जमिनीवरच्या सावल्या आपल्या नजरेआड जातात.

दुर्बीण सूर्याकडे मुळीच वळवू नका. 1995 साली सोडलेल्या, सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाच्या लॅस्को सी3 कॅमेऱ्याची चित्रं वापरा. त्यात सूर्य चकतीआड झाकलेला असतो आणि भोवतालचं सुमारे 16 अंश आकाश दिसतं. संकेतस्थळावरची रंगीत जेपीजी चित्रं मोजणीला निरुपयोगी, कारण त्यांचा उजेड-अंधार सोयीनं ताणलेला असतो. मूळ फिट्स (FITS) फायलीच घ्या, त्यात कॅमेऱ्यानं मोजलेले आकडे असतात.

आधी बुध ओळखा. उत्तर वर असेल तर तारे दिवसाला सुमारे 63 पिक्सेल डावीकडून उजवीकडे सरकतात. बहिर्युतीतला बुध उलट, उजवीकडून डावीकडे जातो. सगळंच उफराटं दिसलं तर गोंधळू नका: अँटेना अडकल्यामुळे 2003 पासून यान ठरावीक काळानं 180 अंशांत फिरवतात.

अ‍ॅस्ट्रोइमेजजे (AstroImageJ) या संगणक-प्रणालीत बुधाभोवती 3 पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ घेऊन आतल्या उजेडाची बेरीज करा, वजा करायच्या पार्श्वभूमीसाठी 6 ते 10 पिक्सेलचं कडं घ्या. एक पिक्सेल म्हणजे 56 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), त्यामुळे कड्यात शेजारचा तारा सहज घुसतो. म्हणून कड्यातल्या आकड्यांच्या सरासरीऐवजी मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. मग तुलनेचा तारा तसाच मोजा: ऑगस्टअखेर मघा (1.4), ऑक्टोबरच्या मध्यास चित्रा (1.0). तो सूर्यापासून बुधाइतक्याच अंतरावर असताना मोजलेला बरा, कारण चकतीजवळ कॅमेऱ्यात प्रकाश कमी पोहोचतो. बुध ताऱ्याच्या 16 पट भरला, तर 16 चा लॉग 1.2, गुणिले 2.5 म्हणजे 3. मघेच्या 1.4 मधून 3 वजा करा: -1.6.

सर्वांत जास्त फसगत होते ती बुधाच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते तेव्हा. पिक्सेल भरून सांडलेले असतात. ती बेरीज टाकून द्या आणि रंगीत गाळणीतून (फिल्टरमधून) किंवा कमी वेळ घेतलेलं चित्र शोधा. ताराही त्याच गाळणीतून मोजायचा, आणि दोन्ही आकडे आपापल्या एक्स्पोजरच्या सेकंदांनी भागायचे. सौरवादळात चित्रभर पांढरे ठिपके पडतात, ते दिवस सोडून द्या. एरवी लागोपाठच्या पाच चित्रांचा मध्यक नोंदवा.