निळ्या पडद्यावरचे दहा सेकंद

मे महिन्यात नागपुरात संगणकाचा पंखा घोंघावला तर कोणी मनावर घेत नाही. मीही दोष उन्हाळ्यालाच दिला आणि कूलरचे तोंड कॅबिनेटकडे वळवले, जे ओलसर हवेमुळे मुळीच करू नये. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर खिडक्या अडखळत सरकत आणि सुपरटक्सकार्ट या शर्यतीच्या खेळात गाडी पळण्याऐवजी एकेक चित्र उलटल्यासारखे दिसे. अखेर बर्डीच्या बाजारातून घेतलेले एनव्हिडियाचे वापरलेले ग्राफिक्स कार्ड मी भर उन्हात परत नेले. दुकानदाराने ते स्वतःच्या विंडोजच्या यंत्रात बसवून खेळ सुरळीत चालवून दाखवला आणि मी निमूटपणे घरी आलो.

घरी जीएलएक्सइन्फो ही चित्रण कोण करते ते सांगणारी आज्ञा चालवली, तर रेंडररच्या ओळीत कार्डाच्या नावाऐवजी एलएलव्हीएमपाइप असे लिहिलेले होते. याचा अर्थ सगळे चित्रण एकटा प्रोसेसर करत होता. कोणतीही सेटिंग बदलण्याआधी ही ओळ पाहावी.

चूक माझीच होती. माझ्या यंत्रावर सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारे कुलूप, चालू होते आणि ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, जोडला जाणारा भाग) डीकेएमएस या साधनाने माझ्याच यंत्रावर बांधले होते, त्यामुळे त्यावर सही करणाऱ्या किल्लीची नोंद फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, होणे आवश्यक होते. त्यासाठी स्थापनेच्या वेळी एक पासवर्ड मागितला जातो, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येऊन कळ दाबण्यासाठी फक्त 10 सेकंद थांबतो. निळा पडदा म्हणजे यंत्र कोसळले, ही विंडोजने लावलेली धास्ती. मी घाबरून 'कंटिन्यू बूट' निवडले. किल्ली नोंदली गेली नाही, म्हणून कर्नलने मॉड्यूल नाकारले. नूवो हा मुक्त ड्रायव्हर एनव्हिडियाच्या पॅकेजने आधीच बंद केलेला होता, म्हणून कार्ड चालवणारा ड्रायव्हरच उरला नाही, आणि पडद्यावर चूक झाल्याचा एक शब्दही उमटला नाही.

अशा वेळी मोकयूटिल या आज्ञेने किल्ली पुन्हा इम्पोर्ट करावी, तेव्हा एक पासवर्ड ठरवावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' (किल्ली नोंदवा) निवडावे आणि तोच पासवर्ड द्यावा. तो लॉगिनचा पासवर्ड नव्हे, एवढ्यापुरताच लागतो. घाबरण्यासारखे काही नाही, मला पाच मिनिटे लागली आणि पंखा त्याच मे महिन्यात शांत झाला.

सिक्युअर बूटच बंद करून टाक, असे मला एका अनुभवी मित्राने सुचवले होते. त्याने काम होते, परंतु कारण न शोधता कुलूपच काढून टाकणारा गुरू मला नको. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा इन्स्टॉलर उतरवून घेणाऱ्यांना तर पुढच्या कर्नल अद्ययावतीकरणात रडू येऊ शकते. उबुंटूसारख्या आपल्या लिनक्स वितरणाचेच पॅकेज घ्यावे.

एएमडी किंवा इंटेलवाल्यांना यातले बहुधा काहीच करावे लागत नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स संचामध्येच असतात. स्टीम या खेळांच्या दुकानासाठी मात्र 32-बिट लायब्रऱ्या आणि व्हल्कन (कार्डाशी बोलण्याची चित्रणप्रणाली) तपासावे, कारण विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके हा भाग त्या खेळांचे डायरेक्टथ्रीडी, म्हणजे विंडोजची चित्रणप्रणाली, व्हल्कनमध्येच उतरवतो.